तुझा आवाज लातूरला आहे

कुंदे, तू गेल्यापासून माझा फोन तुझ्या आवाजाने भरला आहे, आणि त्यातलं एकही वाक्य मला उद्देशून नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तुझ्यासाठी ग्रुपने ऑनलाइन सभा घेतली. म्हणजे मी घेतली. लिंक मी पाठवली, कुणी कुणानंतर बोलायचं ते मी लावलं, ज्यांचा माइक लागत नव्हता त्यांना फोन करून बटण कुठे आहे ते मी सांगितलं. बोलणाऱ्यांत माझं नाव मी घातलं नाही. बायकांना वाटलं, ग्रुपमधली एक गेली, सुषमाताईंना भरून येईल म्हणून त्या बोलत नाहीत. मला भरून आलं नव्हतं. माझा जळफळाट होत होता. एकेक बाई पडद्यावर येत होती आणि म्हणत होती, "कुंदाताई माझ्या सगळ्यांत जवळच्या होत्या." ठाण्याची म्हणाली. सांगलीची म्हणाली. दुबईची हुंदक्यांमुळे म्हणूच शकली नाही, पण तिलाही तेच म्हणायचं होतं हे दिसत होतं. आणि मी, तुझ्या घरापासून तिसऱ्या फाटकात राहणारी, स्वतःचा कॅमेरा बंद ठेवून सगळ्यांचे माइक बंद-चालू करत बसले होते.

तर जे तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. ऐकून घे. मधे बोलू नको.

तुझी बातमी ग्रुपवर मीच टाकली. त्यावर ठाण्याच्या बाईंनी विचारलं, "ताई, आजचा दिवस नियम मोडू का? कुंदाताईंचा आवाज टाकू?" मी "हो" लिहिलं. दुसरं काय लिहिणार? त्यानंतर जे सुरू झालं ते संपेचना. तू एकेकीला वेगळं बोलून पाठवतेस हे मला ठाऊक होतं. पण इतकं?

"अवं राणी, लेकरू रात्रभर रडलं तरी तू सकाळी केस विंचरले न? मंग! लय झालं तेवढं आजच्या दिवसाले."

"पोळ्या गोल नाही झाल्या तं नाही झाल्या वं. पोटात जाऊन कोण पाहून राहिलं?"

"तू एकटी बँकेत जाऊन आली? अवं माय माय माय! आज तुह्या घरी शिरा पाहिजे."

कुणी राणी, कुणी माय, कुणी सोन्या, कुणी बबडे. कुणाला काय म्हणायचं ते तुझं ठरलेलं, आणि एकीचं नाव दुसरीला लागत नव्हतं. मी मात्र सुषमे. फार तर ‘ओ ॲडमिन मॅडम’, तेही टोमणा मारायचा असला की.

मग मी आपल्या दोघींच्या मेसेजचं पान उघडलं. वर वर सरकवत गेले. "ये." "येते." "दही आहे का." "नाही." "गेट लावलं नाही तू." "सांबार आणजो, जुडी ताजी पाहून." दही, गेट आणि कोथिंबीर, इतक्या वर्षांचं एवढंच. फोटो आहेत. लग्नांचे व्हिडिओ आहेत, त्यांत तू तोंड हलवतेस आणि आवाज डीजेचा येतो. तू मला रोज भेटायचीस, म्हणून तुझं काही साठवावं असं कधी सुचलंच नाही. तुझा आवाज लातूरला आहे, सांगलीला आहे, दुबईत आहे. तिसऱ्या फाटकात नाही.

आणि याला कारण आपलं ते सीताबर्डीचं भांडण. ते मिटलंच नाही.

तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. टाळेबंदीत आपण दोघींनी ऑनलाइन शिवणवर्ग लावला होता. वर्ग संपला, बायका उरल्या. तू त्या वर्गात एक ब्लाउजसुद्धा पुरा केला नाहीस, पण कुणाच्या घरी कोण आजारी आणि कुणाचा नवरा नोकरी सुटून घरी बसला आहे, हे तुला पाठ होतं. मी म्हटलं, हे असं विस्कळीत नको. ग्रुप काढला. नाव ठेवलं ‘दिवस कसा गेला’. रोज संध्याकाळी प्रत्येकीने एक गोष्ट लिहायची, आज मी हे केलं. कितीही लहान चालेल. कपाटाचा एक खण आवरला, चालेल. सासूला उलट बोलले नाही, चालेल. बोलले, तेही चालेल. जिने लिहिलं तिला कुणीतरी उत्तर द्यायचंच, कुणाची ओळ तशीच पडून राहता कामा नये. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. फुलांचे फोटो नाहीत. आवाजी मेसेज नाहीत.

हे शेवटचं तुला झोंबलं.

गांधीबागेतून पडद्यांचं कापड घेऊन आपण परत येत होतो आणि सीताबर्डीला उसाचा रस प्यायला थांबलो होतो. तू ग्लास हातात घेऊन भर रस्त्यात उभी राहिलीस.

"काहून नाही चालत आवाज?"

"बायका स्वयंपाकघरात फोन ऐकतात. मागं सासू बसली असते. एखादीनं घरचंच काही सांगितलं असलं तं?"

"मंग कानात घालून ऐका म्हणा."

"सगळ्यांजवळ नसते ते. अन् आवाज मागाहून शोधता येत नाही. लिहिलेलं शोधता येते."

"शाब्बास म्हटलेलं कोण शोधते वं? तुले काय शोधायचं आहे त्याच्यात?"

रसवाला हसला. मला त्याचाही राग आला.

"नियम म्हणजे नियम," मी म्हटलं.

"ठीक आहे. ग्रुपवर नाही पाठवत. एकेकीले वेगळं पाठवीन. तिथं तं तुह्यं राज्य नाही न? अन् तुले तं कधीच नाही पाठवणार. तुहा नियम तुलेच मुबारक."

मला वाटलं, नुसती बोलतेय. पण तू ते पाळलंस. मी तापाने पडले होते तेव्हासुद्धा तू टाईपच केलंस, "खिचडी आणू का". मी चष्मा शोधून ते वाचेपर्यंत तू खिचडीचं पातेलं घेऊन दारात उभी होतीस. मी म्हटलं, "उत्तर तं येऊ द्यायचं." तू म्हणालीस, "तुह्या उत्तरानं खिचडी थंडी होते."

नियम बरोबर होता. मी आजही तेच म्हणते. ज्या बायकांच्या घरात त्यांच्या हातातल्या फोनवर सगळ्यांचे कान असतात, त्या बायका माझ्या नियमामुळे बिनघोर लिहीत होत्या. त्यांतल्या दोघीतिघींनी मला तसं कळवलंही आहे. पण तुझं म्हणणं असं होतं की लिहिलेला शाब्बास डोळ्यांनी वाचून होतो आणि म्हटलेला शाब्बास पाठीवर पडतो. हे मला पटलं नव्हतं, आणि तुला पटवायची संधी राहिली नाही. वाद अर्धा टाकून निघून गेलीस. समोर कुणी नसताना जिंकण्यात काय अर्थ आहे?

दुपारी तू माझ्याकडे यायचीस ते तरी कशासाठी, असं कधीकधी वाटायचं. मी भाजी निवडायला घ्यायची आणि तू फोन घेऊन मागच्या पायरीवर जायचीस. मला नियमाचा त्रास नको म्हणून, असं तू म्हणायचीस. दाराआडून ‘अवं राणी’ ऐकू यायचं, मधेच तुझं हसू यायचं, आणि मी मेथीचे देठ जरुरीपेक्षा जास्त तोडायची. आत येऊन तू म्हणायचीस, "भाजी निवडून राहिली का राग काढून राहिली?"

ग्रुपची कामं सगळी माझी. कुणी काही दिवस गप्प असली की तिला विचारायचं, नवीन आलेलीला नियम सांगायचे, कुणी फुलं टाकली की पुसायची आणि तिला वाईट वाटणार नाही असं कळवायचं. धन्यवाद मात्र तुला यायचे. सोलापूरहून तुला शेंगाचटणी आली. तू डबा उघडून अर्धी चटणी माझ्या बरणीत ओतलीस.

"घे, ग्रुपची आहे."

"पार्सलवर तुह्यं नाव आहे."

"मंग पेनानं तुह्यं लिहू का खाली?"

चटणी फार चांगली होती. हे मला जास्तच लागलं.

नुसते नियम असते तर ग्रुप महिन्याभरात पांगला असता, हे मला कळत होतं. बायका संध्याकाळी लिहायच्या त्या माझ्या नियमासाठी नाही, दुसऱ्या दिवशी तुझं ‘लय झालं तेवढं’ ऐकायला मिळावं म्हणून. मी बिछायत घातली, बैठक तुझ्यामुळे बसली. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तू समोर असतीस तर आजही म्हटलं नसतं, कारण तू ते लगेच सगळ्यांना सांगितलं असतंस.

आता लातूरच्या नीलिमाचं सांगते.

ती तुझ्या पुण्यानुमोदनाला आली. आपल्या लेआउटच्या बुद्धविहारात कार्यक्रम होता. मी खुर्च्या, पाण्याच्या कॅन आणि चपलांची जागा बघत होते. पांढऱ्या साडीतली एक अनोळखी बाई थेट पुढे गेली, तुझ्या फोटोसमोर बसली आणि अशी रडायला लागली की तुझी जाऊ उठून तिला पाणी द्यायला गेली. तुझ्या सख्ख्या बहिणीसुद्धा तशा रडल्या नव्हत्या. भंतेजींनी वंदना सुरू केली तेव्हा कुठे ती थांबली. लातूरहून रात्रभर ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसून आली होती. जेवणाच्या वेळी माझ्या हातून ताट घेताना तिने विचारलं, "तुम्ही शेजारच्या का?"

मी म्हटलं, "हो."

दिलीपभाऊजी जवळच उभे होते. तुझ्या नवऱ्याला एरवी बोलायला सुचत नाही, नेमकं तेव्हा सुचलं. "अवं, ह्या सुषमाताई. तुमच्या ग्रुपच्या त्या... हेड."

"ॲडमिन?" तिने ताट खाली ठेवलं. "तुम्ही नागपूरच्याच? कुंदाताईंच्या शेजारी राहता?"

"तिसरं फाटक."

"मग त्या कधी बोलल्या कशा नाहीत?"

"काय म्हणायची माझ्याबद्दल?"

"चांगलंच म्हणायच्या."

"काय पण?"

ती जरा घुटमळली. "ॲडमिन लई कडक आहे म्हणायच्या. आवाजाचं तिला कळू देऊ नको म्हणायच्या."

मला तर सगळं कळत होतं. माझ्याच मागच्या पायरीवर बसून तू हे सांगत होतीस. पण ते राहू दे. वाढायची पळी हातात घेऊन मी तिथे उभी होते आणि माझ्या लक्षात येत होतं की या सगळ्या बायकांपैकी एकीलाही आपण दोघी मैत्रिणी आहोत हे माहीत नव्हतं. ग्रुप काढला त्या दिवशी मीच तुला बजावलं होतं की आपली ओळख तिथे दाखवायची नाही. दाखवली की नागपूरचा एक गट होतो, मग लातूरचा होतो, मग भांडणं. तू मान डोलावली होतीस. कुंदा माझा एकही नियम पाळत नाही, असं मी जगाला सांगत आले. दोन पाळलेस. मला आवाज पाठवायचा नाही आणि ओळख दाखवायची नाही, नेमके ते दोन.

तुझं घर पाहुण्यांनी भरलं होतं, म्हणून दिलीपभाऊजींनी नीलिमाला माझ्याकडे पाठवलं. मी तिला टॉवेल दिला, साबण दिला, चार्जर लावायची जागा दाखवली. पाहुणचारात मी कमी पडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा पिताना ती म्हणाली, "मला स्कूटी कुंदाताईंनी शिकवली."

"तिला स्वतःला येत नव्हती."

"काय?"

"कधीच नाही आली. माझ्या मागे बसायची. वळण आलं की माझा खांदा असा दाबायची की वळ उठायचे."

नीलिमाने कप खाली ठेवला. तुझी एवढी एक गोष्ट तिला माहीत नाही, मला आहे, याचा मला जो आनंद झाला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. पण ती एकदम हसली. म्हणाली, "म्हणजे त्यांनी मला नुसत्या बोलून बोलून रस्त्यावर आणलं की हो!" आणि डोळे पुसायला लागली. माझा आनंद तेवढ्यावरच संपला.

मी विचारलं, "तुमच्याकडचे मेसेज तुम्ही ग्रुपवर टाकले नाहीत. सगळ्यांनी टाकले."

"नाही टाकले. ते माझे आहेत."

तेव्हा मला ती पहिल्यांदा आवडली.

इतक्यात गॅसवर दूध वर आलं. आमचे हे पेपर घेऊन तिथेच उभे होते. मी ओरडले, "अहो, दूध! दिसून नाही राहिलं का?" यांनी गॅस बंद केला आणि पेपर घेऊन बाहेर गेले. नीलिमा माझ्याकडे टक लावून बघत होती.

"ताई, परत एकदा ओरडा बरं."

"काय?"

"असंच. एका मेसेजमधे मागून एक बाई ओरडतात. मी समजत होते, कुंदाताईंची नणंद आहे. इतक्या हक्काने दुसरं कोण ओरडणार?"

मी ओटा पुसायचं सोडलं. म्हटलं, "शोधा."

बराच वेळ लागला. एकेक मेसेज लावायचा, दोन शब्द ऐकायचे, बंद करायचा, पुढचा. आवाज मागाहून शोधता येत नाही हे माझं म्हणणं खरं ठरत होतं. मधे मधे तुझं ‘अवं नीलिमे’ येत होतं आणि प्रत्येक वेळी मी पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते. नीलिमाला तू राणी, माय काही म्हणत नव्हतीस, नुसतं नावाने हाक मारत होतीस, जशी मला. याचं मला आणखी वाईट वाटलं.

मग ते सापडलं. आधी कूलरची घरघर. मे महिन्यातलं असणार. तापलेल्या पायरीवर बसवेना म्हणून तू त्या दिवशी माझ्या घरातच बोलत होतीस. मग तू.

"अवं नीलिमे, लायसनच्या परीक्षेत नापास झाली तं झाली. आठाचा आकडा काढता नाही आला न? रस्त्यावर कोणाले आठ काढा लागते? तू सिग्नलले थांबली, पाय टेकवला, पडली नाही. आता मले सांग—"

आणि मागून मी. माझा आवाज इतका कर्कश आहे हे मला माहीत नव्हतं. "कुंदा! कढी उतू चालली! ठेव तो फोन!"

"अवं, तं तूच पाह्य न! तुले दिसून राहिलं न? अन् मीठ नाही टाकलं मी अजून. तूच टाक, माह्या हातचं तुले खारट लागते." मग झाकणाचा आवाज, कूलर, आणि पुन्हा तू फोनजवळ. "हां, काय सांगून राहिली होती मी? ज्याले थांबता येते न नीलिमे, त्याले गाडी येतेच. शाब्बास."

नाव घेतलं नाहीस. ‘राणी’ नाही, ‘सुषमे’सुद्धा नाही. वर खारट लागतं म्हणून टोमणा. तुझ्या हातचं खारटच असायचं, सगळी आळी साक्षीला आणीन. मी ते ओट्याला टेकून उभ्यानेच ऐकलं. मग खुर्चीत बसून ऐकलं.

"मला पाठवा," मी म्हटलं.

तिने लगेच पाठवलं. फोन माझ्या हातात वाजला. इतक्या वर्षांत तुझा पहिला आवाजी मेसेज, आणि तो लातूरहून आला.

"आता तुमच्याकडचा पुसून टाका."

"ताई?"

"त्यात माझं घरातलं बोलणं आहे."

"पण माझा शाब्बास पण त्यातच आहे."

"मग मी तुम्हाला तेवढा कापून देते. मला येतं कापता."

"नका ना कापू," ती म्हणाली, आणि फोन उचलून मांडीखाली ठेवून त्यावर बसली. पन्नाशीच्या घरातली बाई, लहान पोरीसारखी. मी उठून तिच्या प्रवासासाठी पोळ्या करायला घेतल्या. कणीक तिने मळली. तिला यांनी स्टँडवर सोडलं, मी फाटकापर्यंत गेले. "येत जा," असं मी म्हटलं खरं, आणि माझं मलाच नवल वाटलं.

तर कुंदे, आता तुझा आवाज माझ्याकडे आहे, पण निव्वळ माझा नाही. ती मेसेज पुसायची नाही आणि मी कापायची नाही. मी रोज दुपारी तो लावते. आधी तिचं येतं, नापास झाली तं झाली, आठाचा आकडा, सिग्नल. तेवढं मला ऐकावंच लागतं, त्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग माझं येतं. ती तिकडे लावत असेल तेव्हा तिलाही, तू माझ्याशी बोलून परत तिच्याकडे येईपर्यंत, गप्प बसावं लागत असेल.

बसू दे.